मी स्वमग्न तर नाही ना? मोठेपणी पडणाऱ्या एका प्रश्नाचा इतिहास

तुमचे मूल बोलायला उशीर करते आहे, हाक मारली तरी वळून बघत नाही, म्हणून शाळेने तुम्हाला बालविकास तज्ज्ञांकडे पाठवले आहे. तिथे एक लांबलचक फॉर्म हातात येतो. रोजच्या क्रमात बदल झाला की मूल अस्वस्थ होते का? मिक्सरचा किंवा फटाक्यांचा आवाज सहन होत नाही का? कपड्यांची लेबले टोचतात का? एकाच विषयात तासन्‌तास रमते का? तुम्ही मुलासाठी खुणा करत जाता आणि दुसऱ्या पानावर पेन थांबते. ही उत्तरे मुलाची आहेत की माझी?

कुणाला हा प्रश्न मुलाच्या निमित्ताने पडतो. कुणाला मोबाइलवर एखादा व्हिडिओ पाहून, तर कुणाला बायकोने वैतागून म्हटलेल्या "तुम्हाला समोरच्याच्या मनातलं कधी कळतच नाही का?" या वाक्यातून. लग्नकार्यातून घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलू नये असे वाटणे, साधा फोन करण्याआधी काय बोलायचे याची मनात तालीम करणे, ऑफिसमधल्या गप्पांत नेमके कधी हसायचे हे इतरांकडे बघून ठरवणे, या सगळ्याची आठवण मग एकदम होऊ लागते.

आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. असे काही असते, तर इतक्या वर्षांत कुणाच्याच लक्षात कसे आले नाही? घरातले तर म्हणतातच, "आमच्या वेळी नव्हतं असलं काही. आजकालचं फॅड आहे."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणताही लेख देऊ शकत नाही. त्यासाठी तपासणीच हवी. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र वैद्यकशास्त्राच्या इतिहासात आहे. ते समजून घेतले की पहिल्या प्रश्नाकडेही जरा शांतपणे बघता येते.

शब्द आधी आला, आजार नंतर

'ऑटिझम' हा शब्द साधारण १९१० च्या सुमारास स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगन ब्लॉयलर यांनी वापरात आणला. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे स्वतः. ब्लॉयलर यांच्यासमोर स्किझोफ्रेनियाचे रुग्ण होते. बाहेरच्या जगापासून तुटून स्वतःच्या आत बुडून जाणे, हे त्या आजाराचे एक लक्षण म्हणून त्यांनी हा शब्द योजला. आज आपण ज्याला ऑटिझम म्हणतो, तो त्यांच्या मनात नव्हता.

आपला 'स्वमग्नता' हा शब्द त्याच अर्थाने घडला आहे. शब्द चांगला आहे, पण थोडी दिशाभूल करतो. ऑटिझम असलेली व्यक्ती स्वतःतच रमलेली असते, तिला माणसे नकोच असतात, असे त्यातून वाटते. प्रत्यक्षात अनेकांना माणसे हवी असतात. माणसांत वावरताना इतरांना जे आपोआप जमते, ते त्यांना विचार करून करावे लागते आणि त्याचा थकवा येतो. "मी काही स्वतःत मग्न नसतो, म्हणजे हे माझ्याबद्दल नाही," असे ठरवून टाकण्याआधी हे लक्षात ठेवा.

मॉस्को, बाल्टिमोर, व्हिएन्ना

आजच्या अर्थाने ऑटिझमचे वर्णन वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या डॉक्टरांनी केले.

मॉस्कोमध्ये ग्रुन्या सुखारेवा या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी १९२५ मध्ये सहा मुलग्यांबद्दल लिहिले. पुढच्याच वर्षी तो लेख जर्मन भाषेत आला. ही मुले हुशार होती, पण इतर मुलांत मिसळत नव्हती, आपापल्या खास आवडींत गढलेली असत. १९२७ मध्ये त्यांनी मुलींबद्दलही लिहिले. हे काम इंग्रजीत यायला मात्र १९९६ साल उजाडले. इंग्रजी वाचणाऱ्या जगाच्या दृष्टीने ते तोवर जणू नव्हतेच.

अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले: आठ मुलगे आणि तीन मुली. माणसांशी भावनिक नाते जुळण्यात अडचण आणि सगळे जसेच्या तसे राहावे हा आग्रह, या दोन गोष्टींवर त्यांनी बोट ठेवले. तेव्हापासून ऑटिझम हे स्वतंत्र निदान मानले जाऊ लागले.

व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ मध्ये चार मुलग्यांबद्दल लिहिले. ही मुले बोलण्यात तरबेज होती, आवडत्या विषयावर मोठ्या माणसासारखी बोलत, पण बरोबरीच्या मुलांत त्यांचे जमत नसे. दुसरे महायुद्ध चालू होते, लेख जर्मनमध्ये होता, आणि तो बराच काळ फारसा कुणी वाचला नाही. अ‍ॅस्पर्गर यांच्या नावामागे एक काळी छायाही आहे. व्हिएन्नातल्या ज्या 'आम श्पीगेलग्रुंड' संस्थेत नाझी काळात अपंग मुलांना मारले जात होते, तिथे त्यांनी काही मुलांना पाठवले होते, हे कागदपत्रांच्या आधारे २०१८ मध्ये मांडले गेले.

आता यातला फरक बघा. सुखारेवा आणि अ‍ॅस्पर्गर यांची मुले बोलणारी, शाळेत जाणारी होती. 'लहानपणी असेन तर मी तसाच असेन,' असे आज ज्यांना वाटते, त्यांच्या जवळची. पण जगभर पसरले ते कॅनर यांचे वर्णन. त्यामुळे डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर ऑटिझमचे जे चित्र तयार झाले, त्यात एक लहान मूल होते, न बोलणारे किंवा अगदी वेगळे बोलणारे, आणि जगापासून स्पष्टपणे तुटलेले. जे मूल या चित्राशी जुळले नाही, त्याच्याबद्दल कुणी ऑटिझमचा विचारही केला नाही.

पहिला रुग्ण म्हातारा झाला

कॅनर यांच्या अकरा मुलांतला पहिला होता डोनाल्ड. त्याचे पूर्ण नाव डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहानशा गावात १९३३ मध्ये त्याचा जन्म झाला. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याला एका संस्थेत ठेवण्यात आले होते. साधारण वर्षभराने आई-वडिलांनी त्याला परत आणले आणि १९३८ मध्ये कॅनर यांना दाखवले. त्याआधी वडिलांनी त्याच्याबद्दल तेहतीस पानी पत्र लिहिले होते.

पुढे डोनाल्ड काही वर्षे गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजायचा नाद होता. त्या शेतकऱ्याने त्याला मक्याच्या ओळी मोजायला लावल्या, आणि मोजता मोजता तो नांगर धरायला शिकला. डोनाल्ड कॉलेजात जाऊन पदवीधर झाला, गावातल्या बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायचा, गोल्फ खेळायचा, एकटा देशोदेशी फिरायचा. २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

कॅनर यांनी १९७१ मध्ये त्या अकरा मुलांचे पुढे काय झाले ते पुन्हा लिहिले. डोनाल्डचे आणि आणखी एकाचे बरे चालले होते, दोघे नोकरी करत होते. जी मुले मोठ्या सरकारी संस्थांत कायमची ठेवली गेली, ती मात्र खुरटली. डोनाल्डच्या घरची स्थिती चांगली होती, गावाने त्याला सांभाळून घेतले, हेही खरे. पण एक गोष्ट या नोंदींतून तेव्हाच दिसत होती: ऑटिझम असलेली मुले मोठी होतात आणि त्यांचा ऑटिझम त्यांच्याबरोबर मोठा होतो. तरीही पुढची कित्येक वर्षे हा विषय बालरोगाच्या खात्यातच राहिला.

आईच्या माथी मारलेला दोष

मधल्या काळात एक मोठी चूक झाली. मुलाला ऑटिझम होतो तो थंड, माया न करणाऱ्या आईमुळे, असे मानले जाऊ लागले. कॅनर यांच्या लिखाणातही पालकांच्या थंडपणाचा उल्लेख आला होता. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकातून हे मत घरोघरी पोहोचवले. अशा आयांना 'रेफ्रिजरेटर मदर' म्हटले जाई. विचार करा, ज्या आईचे मूल तिच्याकडे बघत नाही, तिलाच डॉक्टर सांगत होते की हे तुझ्यामुळे झाले.

या मताला पहिला मोठा धक्का दिला तो स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी. कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे, असे त्यांनी १९६४ मध्येच लिहिले. नंतर १९७७ मध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक जोडीत निदान एकाला ऑटिझम होता. अगदी एकसारख्या, म्हणजे एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या १० जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना घर तेच, आई तीच. फरक होता तो आनुवंशिकतेचा.

शिवाय एकसारख्या जुळ्यांत ज्या भावंडाला ऑटिझम नव्हता, त्याच्यातही बऱ्याचदा भाषेच्या किंवा शिकण्याच्या काही अडचणी दिसल्या. म्हणजे आनुवंशिकतेने येते ते नेहमी पूर्ण निदानच असते असे नाही, त्याच्या छटाही येतात. मुलाचा फॉर्म भरताना बापाचे पेन थांबते, त्याला हाच आधार आहे.

लोर्ना विंग यांनी कवाडे उघडली

लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ लोर्ना विंग यांच्या मुलीला ऑटिझम होता. ज्युडिथ गुल्ड यांच्यासोबत त्यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांची पाहणी केली. ती १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅनर यांच्या काटेकोर वर्णनात बसणारी मुले दहा हजारांत सुमारे ५ होती. पण माणसांत वावरणे, संवाद आणि कल्पनाशक्ती या तिन्हींत अडचण असलेली मुले दहा हजारांत सुमारे २० होती. चौकट लहान असल्यामुळे बहुतेक मुले चौकटीबाहेर राहत होती.

१९८१ मध्ये विंग यांनी अ‍ॅस्पर्गर यांच्या विस्मृतीत गेलेल्या कामावर इंग्रजीत लेख लिहिला आणि 'अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम' हे नाव रूढ झाले. त्या लेखात त्यांनी स्वतः तपासलेल्या ३४ जणांचा आधार घेतला होता. त्यांची वये होती ५ ते ३५ वर्षे. म्हणजे पस्तिशीची माणसे आता या चित्रात आली होती. 'स्पेक्ट्रम' ही कल्पनाही विंग यांच्याच विचारातून पुढे आली. स्पेक्ट्रम म्हणजे 'थोडा ऑटिझम' ते 'जास्त ऑटिझम' अशी सरळ पट्टी नाही. एकाला बोलणे सोपे पण आवाज असह्य, दुसऱ्याला आवाज चालतात पण अचानक बदललेला बेत नाही, असे प्रत्येकाचे मिश्रण वेगळे असते.

निदानाची पुस्तके हळूहळू मागून आली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 'डीएसएम' या निदानपुस्तकात १९८० मध्ये ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली, पण नावच 'इन्फन्टाइल ऑटिझम', म्हणजे शैशवातला. सुरुवात तीस महिन्यांच्या आत झालेली हवी, अशी अट होती. अ‍ॅस्पर्गरचे निदान त्यात १९९४ मध्ये आले. २०१३ मध्ये हे सगळे प्रकार एकत्र करून 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' असे एकच नाव ठेवले गेले. त्याच वेळी दोन बदल झाले, जे तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहेत. लक्षणे लहानपणापासून असली पाहिजेत, पण समाजाच्या अपेक्षा वाढेपर्यंत ती पूर्णपणे दिसणार नाहीत किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जातील, हे मान्य केले गेले. शिवाय ऑटिझम आणि एडीएचडी एकाच व्यक्तीत असू शकतात, हेही मान्य झाले. आधीच्या नियमानुसार ही दोन निदाने एकत्र करता येत नव्हती.

आता तुमचे वय मोजून बघा. तुमचा जन्म १९८० च्या आसपासचा असेल, तर तुमच्या बालपणी हुशार, बोलक्या, पण वेगळ्या मुलासाठी निदानपुस्तकात जागाच नव्हती. ती झाली तोवर तुम्ही शाळा संपवत आला होता. कुणी दुर्लक्ष केले असे नाही. बघायचे काय, हेच ठरलेले नव्हते.

मोठ्यांची मोजणी आणि झाकलेल्या मुली

इंग्लंडमध्ये २००७ साली घरोघरच्या प्रौढांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. दर हजार प्रौढांत सुमारे १० जणांना ऑटिझम असल्याचे आढळले, आणि वयस्कर गटांत हे प्रमाण कमी झालेले दिसले नाही. म्हणजे आजी-आजोबांच्या पिढीतही ही माणसे होतीच, फक्त ओळखली गेली नव्हती. "आमच्या वेळी नव्हतं असलं काही," याचे यापेक्षा स्वच्छ उत्तर नाही. त्यांच्या वेळी शब्द वेगळे होते: घुमा, एकलकोंडा, तिरसट, माणूसघाणा, चक्रम.

मुलींसाठी तर असे शब्दही फारसे नव्हते. जी मुलगी वर्गात गप्प बसते, मैत्रिणींचे बघून बघून तसेच वागते, घरी आल्यावर मात्र दार लावून रडते, तिला सगळे 'शांत, गुणी मुलगी' म्हणतात. कॅनर यांच्या यादीत आठ मुलगे, अ‍ॅस्पर्गर यांच्या लेखात चारही मुलगे. निकष या मुलग्यांकडे बघून घडले. त्यामुळे ज्यांनी आपले वेगळेपण मेहनतीने झाकले, अशा अनेक स्त्रिया चाळिशीत थकून डॉक्टरांकडे येतात, बहुधा नैराश्य किंवा चिंता हे कारण घेऊन.

आपल्याकडे

भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचा समावेश नव्हता. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात तो आला. २००९ मध्ये ऑटिझमच्या मूल्यमापनासाठी 'आयसा' ही ४० मुद्द्यांची भारतीय मापनपट्टी आली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझमला स्थान मिळाले. २०१० चा 'माय नेम इज खान' तुम्ही पाहिला असेल. त्यातला नायक मुंबईत लहानाचा मोठा होतो, पण त्याच्या वेगळेपणाला नाव मिळते ते तो अमेरिकेत गेल्यावर, मोठेपणी. गोष्ट सिनेमातली, पण आपल्याकडच्या एका पिढीचे वास्तव त्यात आहे.

मग तुम्ही काय करावे?

इतिहास सांगतो की मोठेपणी हा प्रश्न पडणे खुळेपणाचे नाही. पण प्रश्न पडला म्हणजे उत्तर 'होय' असेच असते, असेही नाही.

बरेच जण ऑनलाइन चाचणी करून येतात. सगळ्यांत प्रसिद्ध चाचणी २००१ मध्ये केंब्रिजला तयार झालेली ५० वाक्यांची 'एक्यू'. त्या अभ्यासात ऑटिझम असलेल्या १०० पैकी ८० जणांना ३२ किंवा अधिक गुण मिळाले, तर इतरांत १०० पैकी २ जणांना. हे ऐकून ३२ गुण म्हणजे निदान पक्के असे वाटते. पण हिशेब करून बघू. समजा, वाटेल त्या १००० लोकांनी ही चाचणी दिली. त्यांत साधारण १० जणांना ऑटिझम असेल आणि त्यातले ८ जण ३२ च्या वर जातील. उरलेल्या ९९० चे २ टक्के म्हणजे सुमारे २० जणही ३२ च्या वर जातील. म्हणजे वर गेलेल्या २८ पैकी ऑटिझम असलेले फक्त ८, आणि २ जण तर चाचणीतून निसटलेच. चाचणी करणाऱ्यांनीही ती निदानासाठी नाही, असेच म्हटले आहे. ती तपासणीकडे बोट दाखवते, एवढेच.

निदानासाठी रक्ताची चाचणी किंवा स्कॅन नसतो. प्रौढांच्या ऑटिझमचा अनुभव असलेले मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तुमच्याशी सविस्तर बोलतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुमचे बालपण समजून घेतात. सामाजिक भीती, एडीएचडी, ओसीडी, नैराश्य, लहानपणीचा आघात, यांतूनही वरवर सारखेच चित्र दिसू शकते. अडचण शाळेपासून सतत आहे की अलीकडे सुरू झाली, हा कळीचा प्रश्न असतो. जुनी प्रगतिपुस्तके, त्यांवरचे बाईंचे शेरे, थोरल्या भावंडांच्या आठवणी घेऊन जा.

ऑटिझमच्या मूळ स्वरूपावर गोळी नाही. पण त्यासोबत येणारी चिंता, झोपेच्या तक्रारी, नैराश्य यांवर चांगले उपचार आहेत. निदान झाले की काही गोष्टी सोप्याही होतात: सूचना लेखी मागणे, गोंगाटात इअरफोन वापरणे, समारंभानंतर विश्रांतीचा दिवस ठेवणे, आणि जोडीदाराला "मी मुद्दाम करत नाही" हे कारणासहित सांगता येणे. निदान 'नाही' असे आले तरी फेरी वाया जात नाही, कारण खरा त्रास कशाचा आहे ते समजते. आणि तुमचे आयुष्य नीट चालले असेल, तर निदानाची घाई करायचे काही कारण नाही. जगणेच नकोसे वाटत असेल, तर मात्र थांबू नका. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन करा.

शेवटची एक सूचना. बालपणाची माहिती विचारायला तुम्ही आईकडे जाल. ती आता सत्तरीत असेल. "मी लहानपणी कसा होतो गं?" या प्रश्नात तिला "तू मला नीट वाढवलं नाहीस" असे ऐकू येऊ शकते. मागच्या शतकात किती आयांनी हेच ऐकून घेतले, ते तुम्ही आत्ताच वाचले. म्हणून प्रश्न विचारण्याआधी तिला सांगा की यात तुझी काही चूक नव्हती. मग चहा ठेवा आणि तिला निवांत आठवू द्या.